संशोधन कीं अभिनंदन-फलक?

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या बसकडे निघालें कीं पहिल्या शंभर पावलांत आपलें स्वागत माणसांपेक्षां चेहऱ्यांकडूनच अधिक होतें. विजेच्या खांबावर चेहरे, पुलाच्या कठड्यावर चेहरे, नाक्यावर बांबूंच्या सांगाड्यावर एकावर एक तीन मजले चेहरे. मध्यभागीं ज्याचा वाढदिवस त्या पुढाऱ्याची हात जोडलेली मूर्ति, आणि सभोंवतीं शुभेच्छा देणाऱ्यांचीं टपालाच्या तिकिटाएवढीं मुखें. २०११ च्या शिरगणतींत मीरा-भाईंदर शहराची वस्ती ८,०९,३७८ भरली. त्या प्रत्येकास एकदां तरी वाढदिवस असतोच, हें हे फलक पाहून कोणाच्याही ध्यानांत यावें. मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदा फलकांविरुद्ध २०१७ सालीं कडक आदेश दिले, ते आम्हीं वर्तमानपत्रांत वाचले. रस्त्यावर त्यांचा परिणाम वाचण्याचा योग मात्र आम्हांस अद्याप आलेला नाहीं. असो. आज आमचें भांडण पुढाऱ्यांशीं नाहीं. तें आमच्याच जातभाईंशीं, म्हणजे कॉलेजांत शिकविणाऱ्या, संशोधन करणाऱ्या व करविणाऱ्या मंडळींशीं आहे. आणि त्या मंडळींत आम्हीं स्वतःस प्रथम धरिलें आहे, हें आरंभींच सांगून ठेवितों.

झालें असें. मागील हिंवाळ्यांत एका सायंकाळीं आम्ही आमच्या एका विद्यार्थिनीबरोबर भाईंदरांतील फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानांत बसलों होतों. दुसऱ्या दिवशीं जवळच्याच एका उपनगरांतील कॉलेजांत 'आंतरराष्ट्रीय' म्हणून जाहीर झालेली परिषद भरणार होती, आणि तींत ह्या मुलीनें आपलें संशोधन पोस्टराच्या रूपानें मांडावयाचें होतें. दुकानांत यंत्र एकच. त्याच्या तोंडांतून आधीं एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस हळूहळू बाहेर पडला. प्रथम केस, मग कपाळ, मग स्मित, आणि सर्वांत शेवटीं जोडलेले हात. त्याच गुंडाळीवर, त्या हातांस लागूनच, आमचें संशोधन बाहेर आलें. कारागिरानें मध्यें कात्री चालविली आणि दोन्ही फलक जमिनीवर शेजारीं शेजारीं पसरले.

ते शेजारीं पाहिले तेव्हां आम्हांस जें दिसलें तें सांगण्यास लाज वाटते, म्हणूनच सांगितलें पाहिजे. वाढदिवसाच्या फलकावर माथ्यास पक्षाचें चिन्ह व वरिष्ठ नेत्यांचीं चित्रें होतीं. आमच्या फलकावर माथ्यास विद्यापीठाचें, कॉलेजचें व परिषदेचें अशीं तीन बोधचिन्हें होतीं. तेथें शुभेच्छुकांचीं नांवें; येथें मार्गदर्शक, सहमार्गदर्शक, विभागप्रमुख व प्राचार्य यांचीं नांवें. तेथें गुलाबाच्या पाकळ्या व सोनेरी किरणें. येथें निळ्यावरून जांभळ्याकडे वितळत जाणारी पार्श्वभूमि. फरक म्हणाल तर एवढाच कीं वाढदिवसाचा फलक दुरून वाचतां येत होता. कारागीर आमच्या फलकावर ओणवा झाला, डोळे बारीक करून दोन ओळी पाहिल्या आणि म्हणाला, "सर, एवढं बारीक कोण वाचणार?" आम्ही हंसलों व म्हणालों, "परीक्षक वाचतील." तें उत्तर खोटें होतें, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं दुपारींच कळलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहस्थाच्या प्रश्नास आम्हीं उशिरां दिलेलें खरें उत्तर होय.

पोस्टर ही रीति विद्वानांच्या सभेंत शिरली कशी, हें पाहिल्याखेरीज तिचा बिघाड कोठें झाला तें कळावयाचें नाहीं. यूरोपांतील जीवरसायनज्ञांच्या संस्थासंघाची जी सभा १९६९ सालीं माद्रिद येथें भरली, तिच्यापासून ह्या रीतीचा आरंभ सामान्यतः धरितात. अमेरिकेंत ती १९७४ सालीं मिनीॲपोलिस येथें भरलेल्या जीवरसायनशास्त्राच्या सभेंत आली. कारण साधें होतें. निबंध पाठविणारे शेंकड्यांनीं वाढले, पण दिवसाचे तास वाढेनात. प्रत्येकास व्यासपीठावर दहा मिनिटें दिलीं तर सभा महिनाभर चालावी. न दिलीं तर तरुण संशोधकांनीं बोलावयाचें कोठें? तेव्हां तोड निघाली ती अशी कीं, ज्यानें त्यानें आपलें काम एका मोठ्या कागदावर आंखून भिंतीस लावावें, स्वतः त्याच्या शेजारीं उभें राहावें, आणि ज्यास त्या विषयाची गोडी असेल त्यानें जवळ येऊन विचारावें. व्यासपीठावरील व्याख्यात्यास शंभर श्रोते मिळतात, पण त्यांतील नव्वदांचें लक्ष घड्याळाकडे असतें. पोस्टरापुढें पांचच माणसें येतात, पण तीं पांचही आपण होऊन आलेलीं असतात. व्याख्यान ऐकावयाचें असतें, निबंध वाचावयाचा असतो, आणि पोस्टर विचारावयाचें असतें. प्रश्न ओढून आणणें हेंच त्याचें काम. आणि ज्यापुढें कोणी प्रश्न विचारूं शकत नाहीं, तें कितीही गुळगुळीत छापलेलें असलें तरी पोस्टर नव्हे. आमचें सगळें म्हणणें ह्या एका वाक्यांत आहे. पुढें जें येईल तें त्याचाच विस्तार.

आतां ही रीति आमच्याकडे कोणत्या वाटेनें आली तें पाहा. २००६ पासून महाराष्ट्रांतील विद्यापीठांत 'आविष्कार' नांवाची विद्यार्थ्यांची संशोधन-स्पर्धा भरूं लागली, आणि पोस्टर हा शब्द कॉलेजच्या वर्गावर्गांत पोंचला. ही गोष्ट आम्ही चांगलीच समजतों. ज्या मुलांनीं एरव्हीं गाइडांपलीकडे पुस्तक पाहिलें नसतें, त्यांतील कित्येकांनीं ह्या निमित्तानें पहिल्यानें स्वतःचा प्रश्न स्वतः विचारला. परंतु चारच वर्षांनीं दुसरी एक गोष्ट घडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं अध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांचें कोष्टक घालून दिलें. त्यांत परिषदेंतील निबंधास गुण होते, आणि परिषद जितकी दूरच्या नांवाची तितके ते अधिक: स्थानिक परिषदेस ३, तर आंतरराष्ट्रीय परिषदेस १०. मग काय विचारतां! जी सभा काल कॉलेजची होती ती रातोरात आंतरराष्ट्रीय झाली. परदेशस्थ एखाद्या परिचिताचें भाषण पडद्यावर दाखविलें कीं जग जोडलें गेलें. २०१८ सालीं तें कोष्टक बदललें. पण एकदां लागलेली संवय कोष्टकाबरोबर बदलत नसते. प्रश्नासाठीं जन्मलेलें पोस्टर आमच्या हातीं प्रमाणपत्राचें निमित्त होऊन बसलें, आणि अभिनंदनाचा फलक जसा वाचण्यासाठीं नसून असण्यासाठीं असतो, तसें तेंही वाचण्यासाठीं न उरतां असण्यासाठींच उरलें.

आमच्या विद्यार्थिनीचेंच उदाहरण घेऊं. ती मूळची उत्तनची. उत्तन, पाली, चौक हीं समुद्रकांठचीं कोळ्यांचीं गांवें आमच्या ह्याच शहराच्या हद्दींत आहेत, हें मीरा रोडच्या उंच इमारतींत राहणाऱ्या पुष्कळांस ठाऊकही नसतें. डोल जाळ्यांत सांपडलेले बोंबील तेथें बांबूच्या वलांड्यांवर वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. समुद्रावर पुरुष जातात. वाळविण्याचें, राखण्याचें व विकण्याचें काम बायकांचें. ह्या मुलीनें एक हंगामभर वही ठेवली. अवकाळी पावसाची सर आली म्हणजे वलांडीवरील माल किती भिजतो, त्यांतला किती टाकावा लागतो, आणि तो तोटा कोणाच्या पदरीं पडतो, हें ती घरोघर विचारून टिपून ठेवी. तिचा मूळ प्रश्न तिच्याच शब्दांत असा होता: "धक्क्यावर उतरलेली मासळी मोजतात, वलांडीवर भिजून गेलेली मासळी कोण मोजतं?" गेलीं तीस वर्षें आम्ही शिकवीत आहों, पण इतका नेमका प्रश्न कोणा विद्यार्थ्यानें आमच्यापुढें ठेविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आणि ह्या प्रश्नाचें आम्हीं काय केलें? तो आम्हीं चौथ्या रकान्याच्या तळाशीं पुरला! चाळीस पानांचा प्रकल्प होता; त्यांतील प्रस्तावना, उद्दिष्टें, गृहीतकें, पूर्वाभ्यासाचा आढावा, पद्धति, कोष्टकें, निष्कर्ष, शिफारशी असें सर्व कांहीं आम्हीं पोस्टरावर उतरविलें, कारण परीक्षकाच्या तक्त्यांत तेवढे रकाने असतात असें आम्हांस कोणीं सांगितलें होतें. हिशेब पाहा. ए-शून्य नांवाचा जो कागद अशा कामास लागतो, तो ८४१ मिलिमीटर रुंद व १,१८९ मिलिमीटर उंच असतो. त्याचें क्षेत्र बरोबर एक चौरस मीटर, म्हणजे दुकानदाराच्या मापानें सुमारें अकरा चौरस फूट. चार-पांच फुटांवर उभ्या असलेल्या माणसास सुखानें वाचतां यावें तर मुख्य मजकुराचें अक्षर निदान २४ पॉइंटांचें, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा तरी हवें. त्या मापानें, चित्रांस व मोकळ्या जागेस जागा सोडून, पांचशें शब्द नीट मावतात. आठशें म्हणजे अखेर. आम्हीं दोन हजारांवर शब्द कोंबले, आणि अक्षर १२ पॉइंटांवर आणलें. पुस्तकांत जें अक्षर हातभर अंतरावरून वाचावयाचें, तें आम्हीं भिंतीवर टांगलें. दुकानदार पैसे चौरस फुटानें घेतो; शब्द कमी केले म्हणून तो कांहीं सूट देत नाहीं. त्यामुळें एकदां फूट विकत घेतल्यावर ते रिकामे कसे सोडावयाचे, अशी आम्हां मध्यमवर्गीयांची काटकसरी बुद्धि तेथेंही आडवी आली.

चित्रांची कथा ह्याहून करुण. मुलीनें वलांड्यांचीं सुरेख छायाचित्रें काढलीं होतीं. तीं व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे फिरलीं, आणि दर फेरींत थोडीं थोडीं झिजलीं. मोबाइलच्या काचेवर जें चित्र स्वच्छ दिसे, तें हातभर रुंद छापतांच त्याचे चौकोनी तुकडे दिसूं लागले. मूळ पोस्टर आम्हीं व्याख्यानाच्या आडव्या पडद्याच्या मापानें आंखलें होतें, आणि कागद निघाला उभा. तेव्हां दुकानांतील मुलानें माउसाच्या एका ओढीनें सगळें खालीं ताणलें. बायका ताडासारख्या उंच झाल्या व वलांड्या आकाशास भिडल्या. तें दाखवितांच त्यानें सगळें उलट बाजूस ओढलें, आणि बोंबलाचें पापलेट झालें! ह्यांत त्या मुलाचा दोष नाहीं. रात्रीचे नऊ वाजले होते, मागें चार गिऱ्हाइकें उभीं होतीं, आणि माप अगोदर विचारून घेण्याचें काम त्याचें नसून आमचें होतें.

पण खरा अपराध पुढेंच आहे. पोस्टर इंग्रजींत होतें. फक्त माथ्यावर मुलीनें हट्टानें एक ओळ मराठींत घातली होती. दुकानांतील संगणकांत ती ओळ उघडतांच 'स्त्रिया' ह्या शब्दाचा 'स्' एकीकडे, 'त्' दुसरीकडे, आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसली. जुन्या मराठी टंकांच्या खुणा निराळ्या व हल्लींच्या युनिकोडच्या निराळ्या. एकांत लिहिलेलें दुसऱ्याच्या आज्ञावलींत नेलें तर जोडाक्षरें फुटावयाचींच. उपाय अवघड नव्हता. घरूनच ती ओळ पीडीएफ करून, टंक आंत बसवून आणतां आली असती. पण उशीर झाला होता, आणि आम्ही म्हणालों, "राहूं दे, ती ओळच काढून टाक." मुलगी कांहीं बोलली नाहीं. ज्या मुंबापुरींत गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापून दाखविलें, ज्या मुंबापुरींत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें देवनागरी अक्षरास असें रूप दिलें कीं साऱ्या देशांतील पंडितांनीं तें वाखाणावें, तिच्या वेशीवर, तिच्याहून शतपट सोयीचीं यंत्रें हाताशीं असतां, मराठीच्या एका प्राध्यापकाच्या मित्रानें 'स्त्रिया' हा शब्द छापतां येत नाहीं म्हणून खोडून टाकला! ह्या वाक्यांतील मित्र म्हणजे आम्हीच. आमचा विषय अर्थशास्त्र आहे, एवढीच काय ती सबब.

दुसऱ्या दिवशींची हकीकत थोडक्यांत सांगतों. पोस्टरें एका अरुंद ओसरींत, दोन्ही भिंतींस, खांद्यास खांदा लावून टांगलीं होतीं. वेळ जेवणाची ठेविली होती. त्यामुळें माणसें त्यांच्यासमोरून गेलीं खरीं, पण हातांत ताटें घेऊन. परीक्षक आले. त्यांच्या हातीं तक्ता होता, आणि चाळीसांवर पोस्टरें तासाभरांत उरकावयाचीं होतीं. आमच्या मुलीपुढें ते दीड मिनिट थांबले. इंग्रजींत विचारलें, नमुन्याचा आकार काय; तिनें आंकडा सांगितला. पूर्वाभ्यासाचा आढावा कोठें आहे. तिनें बोट दाखविलें. तक्त्यावर खूण झाली, छायाचित्र निघालें, परीक्षक पुढें गेले. पावसाविषयीं कोणीं विचारलें नाहीं, बोंबलांविषयीं कोणीं विचारलें नाहीं. हंगामभर ज्या प्रश्नाच्या मागें ती हिंडली, तो तिला तेथें कोणीच विचारला नाहीं. आणि तिला आपण होऊन सांगावयाचें होतें तें इंग्रजींत जुळेना, म्हणून ती गप्प राहिली. संध्याकाळीं प्रमाणपत्र मिळालें. त्यावर तिचें नांव चुकीचें होतें, आमचें मात्र बरोबर होतें.

येथें आमचे कांहीं सहकारी जे आक्षेप घेतील ते आम्हांस तोंडपाठ आहेत, कारण कालपर्यंत ते आमचेच होते. पहिला असा कीं, इंग्रजी ही शास्त्राची जागतिक भाषा. पोस्टर मराठींत केलें तर बाहेरच्यांनीं तें समजून कसें घ्यावें? ह्यांतील सत्य आम्ही नाकारीत नाहीं. सभेस खरोखर जपानी वा तमिळ पंडित येणार असतील तर इंग्रजी हवीच. पण त्या दिवशीं जमलेली मंडळी दहिसरपासून वसईपर्यंतची होती. भाईंदरची खाडी ओलांडली म्हणजे परदेश लागतो असें मानावयाचें असेल तर गोष्ट निराळी! शिवाय इंग्रजी व मराठी ह्यांचें वैर आहे असें धरून चालण्याचें कारणच काय? बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं 'दर्पण' काढलें, तेव्हां एकाच पानावर एक रकाना मराठीचा व एक इंग्रजीचा ठेविला होता. दोन वाचकवर्ग समोर आहेत, तर दोघांसही बोलावें, इतका सरळ विचार त्या विशीच्या पंडितास सुचला. आम्हां पन्नाशीच्या पदवीधरांस तो सुचूं नये?

दुसरा आक्षेप परिभाषेचा. मराठींत शब्दच नाहींत म्हणे! 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून शास्त्रीय विषय मराठींत मांडीत आलें. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून तेंच काम करीत आहे. भाषा संचालनालयानें विषयवार परिभाषाकोश छापले आहेत. शब्द आहेत, ते उघडून पाहण्याची तसदी नाहीं. आणि जेथें शब्द नाहींत, तेथें 'वलांडी'सारखा शब्द इंग्रजींत तरी कोठें आहे? आमच्या पोस्टरावर त्याचें भाषांतर 'बांबूची मांडणी' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांनीं केलें होतें, आणि तें वाचून डोळ्यांपुढें दिवाणखान्यांतील फुलदाणीचें टेबल उभें राही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आमच्याही कॉलेजच्या दारावर आनंदाचा फलक लागला होता. दारावर अभिजात आणि आंत अनुपयुक्त, अशी जी भाषा, तिची स्थिति घरांतील ज्या वृद्ध आत्याबाईंस सणाच्या दिवशीं पाटावर बसवितात व एरव्हीं कोणी विचारीत नाहीं, त्यांच्याहून निराळी नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक. ते म्हणतात, "हें सर्व खरें, पण मुलांस गुण हवेत, आम्हांस बढती हवी, आणि तक्ता आमच्या हातीं नाहीं. एकट्यानें शहाणपण दाखवून मुलांचें नुकसान कां करावें?" ह्यास उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं पुढें काय केलें तें सांगतों.

परिषदेनंतर महिन्याभरानें मुलगी आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, आजीनं विचारलं, त्या मोठ्या कागदावर आमचं काय लिहिलंस? मी दाखवलं, तर तिला कुणालाच वाचतां येईना." त्या दिवशीं आम्ही दोघांनीं बसून पोस्टर नव्यानें केलें. मध्यभागीं तिचा प्रश्न, हातभरावरून नव्हे तर अंगणापलीकडून वाचतां येईल एवढा. त्याखालीं दोन ओळींत तिला मिळालेलें उत्तर. डावीकडे एक चित्र, उजवीकडे एक आलेख, आणि तळाशीं इंग्रजींत चार वाक्यें. २०१९ सालीं माइक मॉरिसन नांवाच्या अमेरिकेंतील एका संशोधक विद्यार्थ्यानें अशीच मांडणी सुचविली होती: मुख्य निष्कर्ष साध्या भाषेंत मधोमध मोठा लिहावा, आणि सबंध निबंध ज्यास हवा त्यानें क्यूआरच्या चौकोनावर मोबाइल धरून तो वाचावा. तिकडचें तेवढें आम्हीं उसनें घेतलें. एक गोष्ट मात्र तिकडच्या मापानें चालली नाहीं. देवनागरी अक्षरास वर मात्रा व खालीं उकार असतात, म्हणून त्याच पॉइंटाचें अक्षर रोमन लिपीहून लहान दिसतें, आणि ओळींमध्यें अंतरही अधिक लागतें. २४ ऐवजीं ३२ पॉइंट धरिले तेव्हां तें डोळ्यांस बरें वाटलें. छपाई फ्लेक्सवर न करतां साध्या जाड कागदावर केली. खर्च वाढला नाहीं. दुकान तेंच, कारागीर तोच. यंत्र चालत असतां तो उभ्या उभ्या वाचीत होता. वाचून झाल्यावर त्यानें विचारलें, "मग ताई, पावसांत गेलेल्या मालाची भरपाई मिळते का?" त्या पोस्टरास पडलेला हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न उत्तनांत पडला. वलांड्यांच्या जवळच्या एका घराच्या ओट्यावर आम्हीं तें लाविलें, आणि शेजारीं दोरीनें एक वही टांगली. ज्यास जें वाटेल तें त्यानें लिहावें. ज्या बायकांस वाचतां येत होतें त्यांनीं इतरांस वाचून दाखविलें. एक वृद्ध बाई आलेखापुढें बराच वेळ उभी राहिली. त्यांत मुलीनें वाळवणाचे दिवस व उन्हाचे तास एकमेकांसमोर मांडले होते. बाई म्हणाली, "ऊन लिहिलंस, वारा कुठं आहे? उन्हानं बोंबील भाजतो, वाऱ्यानं वाळतो." तिच्या नातवानें तें वहींत लिहिलें. आम्ही मार्गदर्शक होतों, आम्हीं तो आलेख तीनदां तपासला होता, सहमार्गदर्शकांनीं तपासला होता, आंतरराष्ट्रीय परिषदेच्या परीक्षकांनीं त्यास गुण दिले होते. आणि वाऱ्याचा रकाना त्यांत नाहीं हें एकाच्याही ध्यानांत आलें नव्हतें! हवा कोरडी असून वाहती असेल तरच मासळींतील ओल निघून जाते, हें शाळेच्या पुस्तकांतलें ज्ञान आमच्याजवळ होतें. पण तें वलांडीवर लावून पाहण्याची अक्कल त्या बाईजवळ होती. संबंध वर्षांत त्या संशोधनाची खरी परीक्षा झाली ती तेथें. मुलीनें नव्या हंगामासाठीं नवी वही केली आहे, आणि तींत पहिला रकाना वाऱ्याचा आहे.

तेव्हां तिसऱ्या आक्षेपास आमचें उत्तर हें. गुण जरूर मिळवा. आम्ही संन्यास घ्यावयास सांगत नाहीं. पण त्याच खटपटींत काम अधिक खरें होत असतां तें न करणें ह्यास व्यवहार म्हणत नाहींत, आळस म्हणतात. नुकसान मुलांचें होतें तें शहाणपणानें नव्हे. ज्या प्रश्नासाठीं तीं राबलीं तो कोणींच न विचारल्यानें होतें. अशी एक परिषद पाहून आलेला हुशार मुलगा जो धडा शिकतो तो असा कीं, ज्ञान म्हणजे फलक, आणि विद्वत्ता म्हणजे त्यापुढें काढलेलें छायाचित्र. हा धडा आम्हीं शिकविला तर उद्यां नाक्यावरील भावी नगरसेवकास हंसण्याचा आम्हांस अधिकार कोणता? त्याचा फलक निदान आपण होऊन संशोधन म्हणवून घेत नाहीं.

ज्यांच्या हातीं परिषदा भरविणें आहे त्यांस आमच्या सूचना थोड्याच आहेत. पोस्टरांची संख्या निम्मी करा व वेळ दुप्पट द्या. ती वेळ जेवणाची नको. प्रत्येक पोस्टरापुढें निदान एक जाणता माणूस प्रश्न विचारण्यासाठींच नेमा, आणि ज्या भाषेंत विद्यार्थ्यास उत्तर देतां येतें त्या भाषेंत त्यास विचारा. प्रत्येक पोस्टराशेजारीं एक प्रश्नवही टांगा, आणि प्रमाणपत्र द्यावयाचें तें त्या वहींतील प्रश्नांस विद्यार्थ्यानें उत्तरें दिल्यावर द्या. बोधचिन्ह एक पुरे, आणि मार्गदर्शकाचें नांव तळाशीं, लहान अक्षरांत. ज्या लोकांविषयीं संशोधन केलें, त्यांच्या दारांत तें पोस्टर एक दिवस तरी लाविल्याखेरीज काम पुरें झालें असें समजूं नका.

ह्यांतील एकाही गोष्टीस अनुदान लागत नाहीं, ठराव लागत नाहीं, कीं आयोगाची वाट पाहावी लागत नाहीं. दुकानांत जाण्यापूर्वीं कारागिराचा तो प्रश्न, 'हें कोण वाचणार?', स्वतःस एकदां विचारावा लागतो, एवढेंच. ज्यास त्याचें उत्तर एखाद्या खऱ्या माणसाचें नांव घेऊन देतां येईल त्यानें खुशाल छापावें. ज्यास देतां येणार नाहीं, त्यानें तितके अकरा फूट एखाद्याच्या वाढदिवसास सोडून द्यावेत. त्यानें कोणाचा तरी दिवस गोड होईल.